पाहुणचाराचा जाच : नाशिकला आलेल्या एका डच विद्यार्थिनीचं प्रकरण

जुलै ते डिसेंबर २०२३ या सत्रासाठी नेदरलँड्समधली एक विद्यार्थिनी विनिमय कार्यक्रमातून नाशिकच्या एका महाविद्यालयात आली. विषय कृषी अर्थशास्त्र. राहण्याची सोय नाशिकच्या 'उपनगर' नावाच्याच भागात, एका निवृत्त जोडप्याच्या घरी पेइंग गेस्ट म्हणून. सप्टेंबरच्या शेवटी तिने दोन्हीकडच्या प्राध्यापकांना मेल पाठवला, की सत्र अर्धवट सोडून परत जायची परवानगी द्यावी. पुढे ती गेली नाही. डिसेंबरपर्यंत राहिली, काम पुरं केलं आणि मगच गेली. मधे काय बिघडलं आणि कशाने सावरलं, ते इथे सविस्तर मांडलं आहे. परदेशी विद्यार्थ्यांची स्थानिक व्यवस्था पाहण्याचं काम माझ्याकडे असल्याने दोन्ही बाजू जवळून पाहता आल्या. महाविद्यालयाचं आणि माणसांची नावं मुद्दाम गाळली आहेत. घरमालकांना काका-काकूच म्हणते, तीही तेच म्हणायची.

आपल्याकडे परदेशी विद्यार्थी येणार म्हटलं की त्याला काय सोसणार नाही याची यादी तयारच असते. तिखट, पाणी, डास, गर्दी, हॉर्न. या मुलीला यातलं काहीच फार बाधलं नाही. पोट एकदा बिघडलं, ते ओआरएस आणि मऊ भातावर दोन दिवसांत ताळ्यावर आलं. मिसळीचा रस्सा तिने दुसऱ्यांदा मागून घेतला. तिला जे जड गेलं, ते आपण प्रेमाने करत होतो.

ती नाशिकलाच का आली

नेदरलँड्स हा जगातल्या मोठ्या कांदा निर्यातदारांपैकी एक देश. शिवाय आपल्या जिल्ह्यातून युरोपात जाणारी द्राक्षं प्रामुख्याने रॉटरडॅम बंदरात उतरतात. त्यामुळे नाशिकचं नाव तिला घरबसल्या माहीत होतं. तिला पाहायचा होता लासलगावचा कांद्याचा लिलाव. ट्रॅक्टर आणि पिकअपच्या रांगा, त्यांच्या कडेने चालत बोली लावणारे व्यापारी, आणि काही सेकंदांत ठरणारा भाव. तिच्या देशात कांदा हवेशीर, यंत्राने तापमान राखलेल्या गोदामात राहतो आणि सौदा बराचसा फोनवर होतो. इथे उन्हाळ कांदा मार्च ते मे मध्ये निघतो आणि शेतकऱ्याच्या दारातल्या चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, भावाची वाट पाहत दिवाळीपर्यंत पडून राहतो. या वाट पाहण्याचा हिशेब शेतकरी कसा करतो, हा तिचा प्रकल्प.

विषय उत्तम होता. वर्षही असं निघालं, की पुढच्या पाच महिन्यांत कांद्याने सगळ्यांनाच रडवलं.

कागद

महाविद्यालयाच्या फाटकावर तिच्या फोटोचा स्वागताचा फ्लेक्स ती येण्याआधीच लागला होता. बोनाफाइड प्रमाणपत्र मात्र निघेना. कारण साधं होतं. विनिमयावर आलेल्या विद्यार्थ्याला इथल्या विद्यापीठाचा पीआरएन, म्हणजे कायम नोंदणी क्रमांक, नसतो, आणि पीआरएनशिवाय कार्यालयातली सिस्टीम प्रमाणपत्र छापत नाही. खिडकीवरच्या लिपिकाची यात काही चूक नव्हती. असा विद्यार्थी त्याच्या पडद्यावर अस्तित्वातच नव्हता.

इकडे मुदत धावत होती. विद्यार्थी व्हिसा १८० दिवसांहून जास्त मुदतीचा असेल तर भारतात आल्यापासून १४ दिवसांत नोंदणी करावी लागते. अर्ज ई-एफआरआरओच्या, म्हणजे परदेशी नागरिकांची नोंदणी करणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या, पोर्टलवर भरायचा, आणि त्याला संस्थेचं बोनाफाइड हवं, राहत्या जागेचा पुरावा हवा. जागेचा पुरावा म्हणजे एक तर भाडेकरार, नाही तर घरमालकाने भरलेला सी फॉर्म. त्या वेळच्या नियमाने परदेशी माणूस घरी राहायला आला की २४ तासांत हा फॉर्म ऑनलाइन भरणं घरमालकाचं काम होतं. भाडेकराराची वाट अडचणीची. करार सगळे अकरा महिन्यांचे करतात आणि हिचं सत्र साडेपाच महिन्यांचं. कराराची घरबसल्या होणारी नोंदणी आधारवर चालते, आणि आधीच्या बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिल्याशिवाय परदेशी नागरिकाला आधार मिळत नाही. राहिला सी फॉर्म.

काका तो भरायला तयार होईनात. "पोलिसांच्या साइटवर माझं नाव कशाला? आम्ही काय गुन्हा केलाय?" हे त्यांचं पहिलं वाक्य. बहुतेक घरमालकांचं हेच असतं, आणि त्यापायी कित्येक जण परदेशी भाडेकरूची नोंदच करत नाहीत. नोंद न करणं हाच गुन्हा, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. काका नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले. नोटा छापल्या जातात तिथे आयुष्य गेलेल्या माणसाला कागदाची किंमत वेगळी समजवावी लागत नाही. नियम छापून हातात दिल्यावर त्यांनी दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि त्याच दुपारी लॉगिन काढायला बसले. पुढे तिच्या प्रत्येक कागदाच्या दोन दोन झेरॉक्स त्यांच्या प्लास्टिकच्या फाइलमध्ये असायच्या. बोनाफाइड शेवटी प्राचार्यांनी लेटरहेडवर स्वतः लिहून दिलं, तेव्हा नोंदणी मुदतीत बसली.

बँकेचं थोडं वेगळं. रिझर्व्ह बँकेच्या केवायसी नियमांत परदेशी विद्यार्थ्यासाठी स्पष्ट तरतूद आहे. पासपोर्ट, व्हिसा, फोटो आणि संस्थेचं प्रवेशाचं पत्र एवढ्यावर एनआरओ, म्हणजे अनिवासी व्यक्तीचं साधं, खातं उघडता येतं. इथल्या पत्त्याचा पुरावा ३० दिवसांत द्यायचा. तोवर बाहेरून १००० डॉलरपर्यंतच पैसे येऊ शकतात आणि महिन्याला ५०,००० रुपयांपर्यंतच काढता येतात. शाखेत मात्र "आधार आणा, पॅन आणा" हेच चाललं होतं. नियमाची प्रत टेबलावर ठेवल्यावर शाखाधिकाऱ्यांनी वरच्या कार्यालयाला विचारलं, होकार आला, पण तोवर ऑगस्ट संपत आला होता. म्हणजे पहिले सहा आठवडे तिच्याकडे इथलं खातं नाही, खातं नाही म्हणून यूपीआय नाही, आणि हातात पाचशेच्या नोटा. वडापाववाल्याकडे पाचशेची नोट पुढे केल्यावर काय ऐकावं लागतं ते सांगायला नको.

हा तपशील इतका लांबवला, कारण पुढच्या गुंत्याचं मूळ यातच आहे.

"राहू दे गं"

यूपीआय नसल्याने कँटीनमध्ये तिचे पैसे वर्गातल्या मुलीच द्यायच्या. चहा, पोहे, कधी सँडविच. ती सुट्टे जमवून दुसऱ्या दिवशी परत द्यायला जायची. "अगं, वीस रुपये काय, राहू दे गं!" मुलींना यात वावगं काहीच नव्हतं, घरी आलेल्या पाहुण्याकडून कोणी चहाचे पैसे घेतं का?

तिच्या देशात मित्रानेही कॉफीचे पैसे भरले तर संध्याकाळी फोनवर मागणी येते. त्यासाठी टिकी नावाचं ॲपच आहे, आणि ते वापरण्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. हिशेब चुकता झाला की दोघं बरोबरीचे, पुन्हा भेटायला मोकळे. इथे तिचा हिशेब कधी चुकताच होईना. ऋण साचत गेलं तशी तिला त्या टेबलावर बसायची लाज वाटू लागली. ऑगस्टच्या मध्यावर तिने कँटीनमध्ये जाणं सोडलं आणि ग्रंथालयात एकटीच डबा खायला लागली. मुलींनी अर्थ लावला, की हिला आपल्यात मिसळायचं नाही. दोन्हीकडे चांगलीच माणसं असताना गैरसमज किती भक्कम होतो, याचा हा नमुना.

घरी तसंच. तिच्याकडे जेवायची वेळ संध्याकाळी सहाची, काकूंकडे नऊची. सहाला तिला भूक लागायची तेव्हा चहा, चिवडा, बिस्किटं समोर यायची आणि नऊला पोट भरलेलं असताना गरम पोळ्या. ती "नको" म्हणाली की काकू अर्धी पोळी वाढायच्या. आपल्याकडे पहिलं "नको" कोण धरतं? ताटात टाकणं तिला जमत नव्हतं, म्हणून ती खात राहिली. मग रात्री झोप नाही.

दारावर लॅच होतं. किल्ली काकूंकडे. ती बाहेर असली की काकू टीव्हीचा आवाज बारीक करून तिची वाट पाहत बसायच्या. हे लक्षात आल्यावर तिने संध्याकाळी बाहेर जाणंच बंद केलं. सकाळी काका ॲक्टिव्हावरून बसस्टॉपला सोडायचे आणि सिटीलिंकची बस येऊन ती आत चढेपर्यंत थांबायचे. रविवारी काकांचा पुतण्या गाडी काढायचा. पांडवलेणी झाली, काळाराम झाला, रामकुंड, सोमेश्वर, त्र्यंबक झालं. दोन महिन्यांत तिने इतकं नाशिक पाहिलं, जितकं इथे जन्मलेल्या कित्येकांनी पाहिलेलं नसेल. पेनाची रिफिल कुठे मिळते हे मात्र तिला माहीत नव्हतं. लागेल ती वस्तू विचारायच्या आधी घरात यायची.

महाविद्यालयात आणखी एक पायरी वर. १५ ऑगस्टला व्यासपीठावर, शिक्षकदिनाला पहिल्या रांगेत, कुठल्याही उद्घाटनाला शाल-श्रीफळ आणि "दोन शब्द बोला". नारळांचं काय करायचं हा काकूंच्या घरातला खराच प्रश्न झाला. वर्गात मात्र गटाने करायच्या कामात तिला धरलं जात नव्हतं. "तुला नाही केलं तरी चालेल." हजेरीची सूट. चाचणी परीक्षेचीही सूट. प्रत्येक सूट देणाऱ्याला आपण तिचं ओझं हलकं केलं असंच वाटत होतं.

लिलाव बंद

राहता राहिला प्रकल्प, तर त्याची गत अशी. १९ ऑगस्टला केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं. जिल्ह्यातल्या बाजार समित्यांचे लिलाव काही दिवस ठप्प झाले. नाफेड या सहकारी संस्थेमार्फत २,४१० रुपये क्विंटलने खरेदीची घोषणा झाली, रस्त्यावर आंदोलनं झाली. ज्या विद्यार्थिनीला नेमकं हेच शिकायचं होतं, ती त्या आठवड्यात विभागाच्या खोलीत बसून जुन्या भावांच्या फाइली चाळत होती. "वातावरण तापलंय, आत्ता नको. आकडे मी मागवून देतो," असं मार्गदर्शकांनी सांगितलं होतं. सावधगिरी म्हणून ते चुकीचं म्हणता येणार नाही. पण २० सप्टेंबरपासून व्यापाऱ्यांनी लिलावावर बहिष्कार टाकला, ते ऑक्टोबर उजाडेपर्यंत बाजार सुरळीत झाले नाहीत. तिच्या वहीत तोवर एकाही शेतकऱ्याशी झालेलं बोलणं नव्हतं. तो ऑगस्ट तर पावसानेही दडी मारलेला, देशाच्या नोंदींत १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा. पावसाळ्यासाठी आणलेले तिचे गमबूट कपाटावर तसेच.

गणपती बसले, आरत्यांना ती सगळ्यांबरोबर उभी राहिली, फोटोंत हसली. अनंत चतुर्दशी २८ सप्टेंबरला होती. त्याच्या दुसऱ्या दिवशी तिचा मेल आला.

निदान कुणाचं काय

मेलनंतर सगळे एकत्र बसलो तेव्हा प्रत्येकाकडे कारण तयार होतं. विभागप्रमुखांच्या मते घरची आठवण. काकूंना वाटलं, जेवण मानवलं नाही. पुतण्याला वाटलं, नाशिकमध्ये मुंबई-पुण्यासारखं 'लाइफ' नाही. तिच्या डच प्राध्यापकांनी समुपदेशकाची सोय सुचवली.

तिला विचारलं तर ती बराच वेळ काकूंकडे पाहत राहिली. त्यांना वाईट वाटेल याची धास्ती. मग म्हणाली, की सगळे माझ्यासाठी सगळं करतात, पण मला कोणी काही मागतच नाही. मी उद्या नसले तर इथल्या कुणाचंही काही अडणार नाही.

काकू रडल्या. "आम्ही कुठे कमी पडलो?" हे त्यांचं म्हणणं अगदी आतून आलेलं होतं, आणि त्या बैठकीत ते बाजूला सारणं सगळ्यात अवघड गेलं. माझं मत स्पष्ट आहे : कमी काहीच पडलं नव्हतं, जास्त झालं होतं. पाहुण्याला आपण उंच पाटावर बसवतो, आणि पाटावर बसलेल्या माणसाला घरात हिंडता येत नाही. दोन-चार दिवसांच्या पाहुण्याला ते सुखाचं, पण पाच महिने राहायला आलेल्या मुलीला घरात आणि वर्गात काहीतरी काम लागतं, चुकायची मुभा लागते.

काकूंची भीती खोटी होती असंही नाही. परक्या देशातली तरुण मुलगी आपल्या जबाबदारीवर आहे, उद्या काही बरंवाईट झालं तर काय तोंड दाखवायचं, हा प्रश्न त्यांनाच पडणार, मेल लिहिणाऱ्या प्राध्यापकांना नाही. शेजारणी रोज विचारणार, ते वेगळंच. म्हणून तोडगा काढताना त्यांचा जीव टांगणीला लागणार नाही हे पाहावं लागलं.

काय बदललं

लॅचची एक किल्ली तिला मिळाली. बदल्यात रात्री साडेनऊच्या आत घरी, उशीर होणार असेल तर फोन, आणि काकूंनी दहाला झोपायचं. हा शेवटचा नियम काकांनी घातला. संध्याकाळचं पानही बदललं. ती सहा-साडेसहाला खाणार, सकाळची पोळीभाजी गरम करून, स्वतःच्या हाताने. स्वयंपाकघरात तिला शिरू द्यायला काकूंना आठवडा लागला. अंडं घरात नको ही अट राहिली, आणि तिने ती पाळली.

दुसरी गोष्ट भाजी. बिटको चौकाकडच्या बाजारातून आठवड्यातून दोनदा भाजी आणण्याचं काम तिच्याकडे आलं. यादी काकू मराठीत लिहायच्या, ती अक्षर लावत वाचायची. पहिल्याच खेपेला तिने जून गवार आणली आणि काकू तिच्यावर ओरडल्या. "हाताने मोडून बघायची ना! ही काय गुरांना घालू?" दुसऱ्या दिवशी वर्गात तिने हे ज्या कौतुकाने सांगितलं, त्यावरून गाडी रुळावर येतेय हे माझ्या लक्षात आलं. अडीच महिन्यांत तिच्यावर कुणी चिडलं नव्हतं.

कँटीनचा तिढा मुलींनी स्वतःच सोडवला. त्यांना टिकीचं सांगितल्यावर त्या आधी खो खो हसल्या. मग ठरलं, की रोजचा हिशेब नाही, पण पाळी लावायची. सोमवारी एकीने सगळ्यांचे द्यायचे, मंगळवारी दुसरीने. तोवर तिचं खातं आणि यूपीआय सुरू झालं होतं. गुरुवार तिचा. एका गुरुवारी ती आली नाही तर फोन आला, "अगं, आज तुझी पाळी आहे, पळतेस का काय?" पाहुणीला असा फोन कोणी करत नाही.

गटकामाची सूट आणि चाचणीची सूट दोन्ही मागे घेतल्या. प्राचार्य आधी नाखूश होते, तिच्या डच विद्यापीठाला काय वाटेल म्हणून. त्या विद्यापीठाचं उत्तर आलं, की मुळात सूट दिलीच का होती?

सायकलीचं थोडक्यात. डच मुलीला सायकल मिळाली आणि सगळं ठीक झालं, असं लिहायचा मोह आवरायला हवा, जरी त्या देशात माणसांपेक्षा सायकली जास्त असल्या तरी. काकांनी जुनी सायकल दुरुस्त करून दिली, पण द्वारकेच्या बाजूला न्यायची नाही या अटीवर. पुणे रोडवरची ती वाहतूक आणि द्वारका चौक ज्यांनी पाहिलाय ते काकांच्याच बाजूने बोलतील. जेलरोड, नाशिकरोड एवढंच तिचं राज्य. एखाद्या रविवारी पहाटे मात्र ती सायकल घेऊन इथल्या सायकलवाल्यांबरोबर लांब जायला लागली. २०१५ मध्ये 'रेस ॲक्रॉस अमेरिका' पूर्ण करणारे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे बंधू नाशिकचेच. त्यानंतर शहरात पन्नाशीतल्या माणसांनीही सायकली बाहेर काढल्या. त्या घोळक्यात तिला कोणी पाहुणी म्हणून पुढे घातलं नाही. चढावर मागे पडली तर मागे राहायची, आणि पुढे वडापावपाशी सगळे भेटायचे.

निफाडच्या चाळीत

खरा बदल घडला तो वर्गातल्या एका मुलीच्या गावी. निफाड तालुक्यात घरची शेती, थोडी द्राक्षं, बाकी कांदा. ऑक्टोबरपासून ही डच मुलगी बरेचसे शनिवार-रविवार तिथे राहायला जाऊ लागली. मैत्रिणीच्या आईने पहिल्याच दिवशी तिला चाळीत बसवलं. उन्हाळ कांद्याचा शेवटचा ढीग, निम्मा कोंब फुटलेला, खालचा सडलेला. सडका कांदा काय वास मारतो हे डच गोदामात तिला कळलं नव्हतं. गोल्टी म्हणजे बारीक कांदा वेगळा, काजळी म्हणजे काळी बुरशी आलेला वेगळा, चांगला वेगळा. बायकांच्या रांगेत बसून ती निवडत होती आणि कानावर पडत होतं ते मैत्रिणीकडून समजून घेत होती. तिच्या प्रकल्पातली सगळ्यात मोलाची माहिती अशी आली. प्रश्नावली काढली की शेतकरी मापून बोलायचे. कांदा निवडताना मात्र कुणाचं कर्ज, कुणाचं लग्न, कुणी मे महिन्यातच विकून टाकला आणि आता पस्तावतोय, सगळं निघायचं. भावाची वाट पाहण्याचा हिशेब सोसायटीच्या कर्जाचा हप्ता, मुलीची फी आणि छपराची गळती यांवर ठरतो, हे तिच्या मूळ आराखड्यात कुठेच नव्हतं. आराखडा तिने बदलला. मार्गदर्शकांनी खळखळ केली, पण मान्य केला.

२८ ऑक्टोबरला कोजागिरी होती, आणि त्याच रात्री खंडग्रास चंद्रग्रहण. उपनगरच्या त्या इमारतीत दुधावरून दोन तट पडले. वेध लागायच्या आत दूध संपवायचं असं काकूंचं म्हणणं, तर वरच्या मजल्यावरच्या पोरांना बाराला गच्चीवर आटवलेलंच हवं. वेलदोडा कुटायचं काम तिच्याकडे असल्याने दोन्ही तट तिला आपल्या बाजूला ओढत होते. तिने दोन्हीकडे प्यायलं. याच सुमारास निफाडहून मैत्रिणीचा फोन आला, की सरकारने कांद्याला टनामागे ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य लावलंय, त्याहून स्वस्तात बाहेर विकता येणार नाही, आता भाव पडणार, आबा उद्याच उरलेली गाडी भरतायत. ती खाली जाऊन वही घेऊन आली आणि गच्चीवरच बसून लिहीत होती. दोन महिन्यांपूर्वी हीच बातमी तिला फाइलमधून मिळाली असती.

२६ नोव्हेंबरला गारपीट झाली. निफाड, दिंडोरी भागात द्राक्षबागांचं मोठं नुकसान झालं. ऑक्टोबर छाटणी झालेल्या बागा, घड कोवळे. मैत्रिणीच्या बागेचाही एक तुकडा झोडपला गेला. ती दुसऱ्या दिवशी गेली, पण त्या खेपेची टिपणं तिच्या अहवालात नाहीत. मार्गदर्शकांनी विचारलं, एवढी महत्त्वाची घटना का सोडली? तिचं उत्तर होतं, की त्या दिवशी मी त्यांच्याकडे माहिती काढायला गेले नव्हते. संशोधक म्हणून हा निर्णय बरोबर की चूक यावर आमच्यात वाद झाला, अजूनही होतो. मला तिचं पटतं.

८ डिसेंबरला निर्यातबंदीच आली. तिचा अहवाल जवळजवळ पुरा झाला होता. शेवटचं प्रकरण निघायच्या आठवड्यात पुन्हा लिहावं लागलं. काकांनी रात्री दोनदा कॉफी करून दिली, स्वतःहून. तेवढा पाहुणचार कुणाला खुपला नाही.

जे सुटलं नाही

क्रेडिटचा, म्हणजे अभ्यासाच्या कामाला मिळणाऱ्या श्रेयांकांचा, घोळ शेवटपर्यंत राहिला. तिच्या विद्यापीठात सत्राला ३० क्रेडिट आणि एका क्रेडिटमागे विद्यार्थ्याने एकूण २८ तास काम केल्याचं धरतात, त्यात वाचन आणि क्षेत्रकामही आलं. आपल्याकडे एक क्रेडिट म्हणजे साधारण १५ तास व्याख्यान. वर्गातल्या विषयांचं रूपांतर कसंबसं झालं. निफाडच्या चाळीतल्या कामाला मात्र इथल्या गुणपत्रिकेत विषय क्रमांकच नव्हता, म्हणून ते मोजलं गेलं नाही. ज्यातून ती सगळ्यात जास्त शिकली त्याचे क्रेडिट शून्य, आणि ते तिला परत जाऊन जादा विषय घेऊन भरून काढावे लागले. सामंजस्य करारावर सह्या होतात तेव्हाच क्षेत्रकामाला क्रमांक आणि तास ठरवून घेतले असते तर हे टळलं असतं. पुढच्या करारात तसं कलम घालावं, असं महाविद्यालयाला लेखी कळवलं आहे. बोनाफाइडसाठी विनिमय विद्यार्थ्यांची वेगळी नोंदवही मात्र सुरू झाली.

पुढच्या वर्षी आणखी एक विद्यार्थी येणार होता, तेव्हा काका-काकूंना विचारलं. काकूंनी नाही म्हटलं. मला वाटलं, किल्लीचं मनाला लागलं असेल. तसं नव्हतं. "अहो, डिसेंबरात खोली रिकामी होते. मधेच कोण येतं राहायला? मुलं येतात जूनमध्ये. सहा महिने खोली पडून राहिली की आमच्या पेन्शनीत खड्डा पडतो." खोली त्यांनी धुळ्याहून नोकरीसाठी आलेल्या एका मुलीला अकरा महिन्यांच्या कराराने दिली. काकांच्या हिशेबाप्रमाणे महाविद्यालयाने उरलेल्या महिन्यांचं निम्मं भाडं भरायची हमी दिली, तर दुसरी खोलीही निघू शकते. तो प्रस्ताव सध्या लेखा विभागात आहे.